खिळा मारायचा नाय

आमच्या वृद्धाश्रमात भिंतीला खिळा मारायला बंदी होती. असा नियम विश्वस्तांनी कधी केला नव्हता. तो द्वारकाताईंचा नियम होता, आणि द्वारकाताईंचे नियम विश्वस्तांच्या नियमांपेक्षा जास्त पाळले जायचे. नवीन माणूस आलं, पिशवीतून देवाचा नाहीतर गेलेल्या जोडीदाराचा फोटो काढून भिंतीकडे बघू लागलं, की त्या म्हणायच्या, "फोटो उशाशी ठेवा, खिडकीत ठेवा, पायजे तर माझ्या खोलीत ठेवा. पण खिळा मारायचा नाय. खिळा मारला की माणूस इथलाच होतो."

मी तेव्हा नुकताच तिथं व्यवस्थापक म्हणून लागलो होतो. धाटावच्या एका कंपनीत जन्म काढलेला माणूस मी. शिफ्ट, भोंगा आणि हजेरी यांच्या पलीकडे जग असतं यावर माझा फारसा विश्वास नव्हता. माणसांना वेळेवर जेवण मिळालं, औषध मिळालं, चादरी स्वच्छ असल्या की आश्रम उत्तम चालला असं माझं सरळ मत. द्वारकाताईंचं मत नेमकं उलटं. खाट रिकामी झाली की त्यांचा चेहरा खुलायचा. माणूस देवाघरी गेल्यावर नव्हे, स्वतःच्या घरी गेल्यावर. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "ताई, अशानं आपल्या दोघांनाही घरी बसावं लागेल." त्या म्हणाल्या, "बसू की. घरीच बसायचं म्हनता ना भाऊ, मग वाईट काय?"

रोह्याहून कोलाडकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत, नदीच्या अंगाला आमची इमारत होती. लांबट, कौलारू, एका टोकाला बायांचं दालन, दुसऱ्या टोकाला पुरुषांचं. मधल्या लहानशा खोलीत द्वारकाताई राहायच्या. सेविकांच्या त्या प्रमुख. ठेंगणा बांधा, कपाळावर हिरवं गोंदण, पदर कायम कमरेला खोचलेला. खुर्चीवर बसलेलं मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. बसायच्या त्या कुणाच्या तरी खाटेच्या कडेला, अर्ध्याच, आता उठायचंच आहे अशा बेताने. आवाज कधी चढत नसे. राग आला की स्वतःचे गुडघे चोळत बसायच्या. एखादी गोष्ट करायची नसली तर स्पष्ट नाही म्हणायच्या, आणि करायचीच असली तर नुसतं "बघू" म्हणायच्या. त्यांचं "बघू" ऐकलं की मला धडकी भरायची.

नवीन आलेल्या माणसाला सगळे विचारतात, मुलं किती, आजार कोणता, पथ्य काय. द्वारकाताई पहिल्या दिवशी काहीच विचारत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन खाटेच्या कडेला टेकायच्या आणि विचारायच्या, "घरी तुमची झोपायची जागा कुठं होती?"

हा प्रश्न ऐकल्यावर माणसं बोलायची. कुणाची जागा चुलीजवळ असायची, कुणाची ओटीवर दाराच्या आड, कुणाची पोटमाळ्याच्या शिडीखाली. सगळं ऐकून घेऊन त्या दुसरा प्रश्न विचारायच्या. "आता तिथं काय ठेवलंय?"

याचं उत्तर बहुतेकांना माहीत नसायचं. मग एक दिवस द्वारकाताई कापडी पिशवीत भाकरी आणि छत्री घालून एसटीने त्या गावाला जायच्या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघून यायच्या. कुठे त्या जागेवर शिवणयंत्र आलेलं असायचं, कुठे भाताची कणगी, कुठे नातवाचं अभ्यासाचं टेबल. परत आल्यावर त्या मला सांगत, "भाऊ, लोक वाईट नसतात. माणूस उठून गेला की जागा भरून जाते. ती कुनीतरी रिकामी करून द्यायला लागते, एवढंच." पेणजवळच्या जोहे गावातल्या एका आजीच्या जागेवर तर तिच्या मुलाच्या कारखान्यातले शाडूचे गणपती मांडून ठेवले होते. देवाला हलवायचं कसं म्हणून मुलगा अडून बसला. द्वारकाताई म्हणाल्या, "देव चतुर्थीला जातोच ना घरोघर? दुसऱ्या दिवशी आईला घेऊन येते." आणि खरोखरच घेऊन गेल्या.

आता हे सगळं त्यांना पहिल्यापासून येत होतं असं नाही. त्या एकदा चांगल्याच फसल्या होत्या. मी लागलो त्याच वर्षीची ती हकीकत, पुढे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या.

कोलाडच्या पलीकडच्या एका गावातले रामजीकाका. भातशेती केलेला माणूस, लकव्यातून उठलेला, एक पाय ओढत चालायचा. मुलगा, सून, दोघं भली माणसं. बापाला घरी न्यायचं म्हटल्यावर त्यांनी जय्यत तयारी केली. ओटीवर नवी खाट, नवी सतरंजी, हातपाय पुसायला वेगळा पंचा. पोचले त्या दिवशी घरात कोंबडं कापलं. गाव भेटायला लोटलं. द्वारकाताई समाधानाने परत आल्या. आणि महिना होतो न होतो तोच रामजीकाका एका रिक्षातून आश्रमाच्या दारात उतरले. एकटेच, हातात पिशवी.

"काय झालं काका? कुनी बोललं काय?"

"नाय गो. कोन बोलतंय?" रामजीकाका पायरीवर बसले. "कुनीच बोलत नाय. चहा बशीतून समोर येतो. पानी मागायच्या आत येतं. सून डोक्यावर पदर घेऊन इचारते, बाबा काय पायजे. भाजीत मीठ जास्त झालं म्हनून सांगितलं, तर पोरगी रडकुंडीला आली न दुसरी भाजी केली. म्हैन्यात माझं कायच चुकलं नाय द्वारकाताय. आपल्या घरात मानसाचं कायच चुकत नाय असं असतं काय? मी पाव्हना झालो. पाव्हन्यानं किती दिस ऱ्हायाचं?"

आमच्या भागातली माणसं पाहुणचाराला हटत नाहीत. पण घरच्या माणसाचाच पाहुणचार केला तर त्याला उठून जावं लागतं, हे कुणाच्या डोक्यात येणार? द्वारकाताई बराच वेळ गुडघे चोळत बसल्या. चार दिवसांनी त्या रामजीकाकांना घेऊन पुन्हा त्या गावाला गेल्या आणि मुलाला, सुनेला समोर बसवून म्हणाल्या, "यांना वालाची राखन द्या. शेतात गुरं शिरली तर यांना बोला. आनि भाजीत मीठ जास्त झालं तर झालं. गिळतील नायतर भांडतील."

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. घराच्या बाहेरूनच सासऱ्या-सुनेची जुंपलेली ऐकू आली. सुनेने बियाण्याचे वाल बिरड्यासाठी भिजत घातले होते. रामजीकाका काठी आपटत होते, आणि सून म्हणत होती, "मग आधी सांगायचं नाय? सांगायला तोंड नव्हतं?" द्वारकाताई चहासुद्धा न घेता परत आल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं.

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. माणूस घरी पोचवला की पंधरा-वीस दिवसांनी जायचं आणि विचारायचं, "भांडन झालं काय?" झालं म्हटलं की त्या निर्धास्त व्हायच्या. "नाय हो, सगळं छान चाललंय," असं कुणी म्हटलं की यांच्या कपाळाला आठी.

सगळ्यांना घरी जाता येत नव्हतं, हेही सांगायला हवं. काहींना कुणीच नव्हतं. काहींना जायचं नव्हतं. एका बाईला तिचा मुलगा मारायचा. तो न्यायला आला तेव्हा द्वारकाताई फाटकात उभ्या राहिल्या आणि त्याला आत पाऊल टाकू दिलं नाही. एक आजी घरी गेल्यावर आठवड्यात वारली. विश्वस्तांपैकी एकजण म्हणाले, इथं असती तर जगली असती. द्वारकाताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पुढे काही दिवस त्यांचं जेवणावरून मन उडालं होतं. मग एका दुपारी मला म्हणाल्या, "भाऊ, ती जगली असती. खरं हाय. पन ती रोज मला इचारायची, गाडी कदी हाय? त्याला मी काय सांगनार होते?"

हाच प्रश्न धाकलीबाय विचारायची. आणि धाकलीबायची गोष्ट सांगितल्याशिवाय द्वारकाताई कळायच्या नाहीत.

धाकलीबाय पेणच्या खारेपाटातली, खाडीकाठची. जन्मभर मिठागरात मीठ ओढलेलं. पायांचे तळवे फुटून लाकडासारखे झाले होते. मुलगा बार्जवर कामाला, महिनोन्महिने बाहेर. घरात सून भारती आणि दोन लहान मुली. धाकलीबायला डोळ्यांनी दिसेनासं झालं, एकदा ती चुलीवर कलंडली, आणि मुलाने तिला आमच्याकडे आणून सोडलं. आमच्याकडे तिचं काही बरं चालेना. अन्न पुढ्यात तसंच राहायचं. ती म्हणायची, "मना घरा जावाचा हाय. खाडीचा वारा नाय त मना झोप येत नाय." झोपायची जागा कुठं होती म्हटल्यावर तिने हवेत हात फिरवून दाखवलं. दारातून शिरलं की डाव्या हाताला, भिंतीला पाठ लावून.

द्वारकाताई गेल्या. दारातून शिरलं की डाव्या हाताला, भिंतीला लागून पाण्याचं मोठं निळं पिंप होतं.

खारेपाटात सगळीकडे पाणी दिसतं आणि प्यायला थेंब मिळत नाही. नळ येतो दोन-तीन दिवसांनी, तोही केव्हा येईल सांगता येत नाही. उन्हाळ्यात तर टँकरच. पिंप दारातच हवं, कारण हंडे तिथंच ओतता येतात. भारतीने द्वारकाताईंना उंबऱ्यावरच धरलं.

"तुमी येता, बोलता न जाता. पानी मना भरावा लागतं ताय. दोन पोरी, घर, शेत. म्हातारीला आंघोल, म्हातारीचं धुनं. त्याला पानी कोन भरील? तुमी भराल?"

द्वारकाताई म्हणाल्या, "बघू."

आणि त्या तिथंच राहिल्या. आश्रमात निरोप धाडला की येत नाही, आणि भारतीच्या घरात राहून हंडा उचलला. नळाच्या रांगेत उभ्या राहिल्या, टँकरमागे धावल्या, बायांच्या शिव्या खाल्ल्या. परत आल्या तेव्हा मान वळत नव्हती. मी चिडून म्हटलं, "या वयात हे कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या, "भारती खरं बोलते भाऊ. एका बाईच्यानं हे नाय व्हायचं. सून वाईट असती तर सोपं होतं. तिला दोन शब्द सुनावले असते."

पण तिथं राहून त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. खाडी आणि शेत यांच्या मध्ये मातीचा बांध असतो. उधाणाला तो फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची दोन-तीन वर्षं भात होत नाही. म्हणून गावात बांधाची पाळी असते. उधाणाच्या दिवसांत प्रत्येक घरातलं एक माणूस बांधावर उभं राहणार, चिखल ओढणार, भोक दिसलं की बुजवणार. घरात माणूस नसेल तर शेजारी उभा राहतो, पण पाळी चुकत नाही. पाळी चुकवणाऱ्या घराला गाव तोंडावर काही बोलत नाही. पण त्या घरच्या लग्नात मांडव घालायला हात कमी पडतात.

द्वारकाताई पुढच्या वेळी गेल्या त्या गावकीच्या बैठकीच्या दिवशी, देवळात. बाईमाणूस, त्यात परगावची. एका कडेला बसून राहिल्या. सगळे विषय झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "धाकलीबायच्या घरची पाळी कोन द्यायचं?"

एक म्हातारा म्हणाला, "तीच द्याची. नवरा मेला त्या सालापास्ना तीच. बाप्यांच्या जोडीनं कमरेइतक्या चिखलात उबी ऱ्हायाची ती."

"कदी चुकली?"

"नाय. तिची पाली नाय चुकली कदी."

"मग आता तिला पाळी द्या," द्वारकाताई म्हणाल्या. "बांध नाय सांगत. एक हंडा सांगते. रोज एका घरानं एक हंडा पानी भारतीच्या दारात ओतायचं. एवढंच हाय माझं."

 मग तो म्हातारा उठला आणि म्हणाला, पहिली पाळी आमची.

गाव तयार झालं तरी भारती तयार होईना. लोकांचं पाणी घरात नको म्हणून ती इरेला पेटली. "मी काय भिकारीन हाय?" द्वारकाताईंनी तिला समजावलं नाही की चुचकारलं नाही. सरळ म्हणाल्या, "तुला कोन देतंय गो? ते धाकलीबायचं पानी हाय. तिनं आदी दिलंय, आता ती परत घेते. तू मदे पडू नको." भारती तणतणत घरात गेली आणि जरा वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "पिंप कुटं ठेवू मग?" पिंप पागोळीखाली बाहेर आलं. खाली दगड रचले, वर पत्रा घातला.

धाकलीबायला पोचवायला गाडीत मीही होतो. पेण सोडून गाडी खाडीच्या रस्त्याला लागली आणि डोळ्यांनी न दिसणारी ती म्हातारी ताठ बसली. "मिठागर आयला," म्हणाली. आलं होतं खरंच. घरात शिरल्यावर तिने डाव्या हाताला भिंत चाचपली, पाठ टेकली आणि खाली बसली.  

ती तिथं बरीच वर्षं जगली. पंधरा दिवसांनी द्वारकाताई भांडणाची चौकशी करायला गेल्या तेव्हा दोघींचं सुकटीतल्या जवळ्यावरून वाजलेलं होतं.

एवढ्या लोकांच्या झोपायच्या जागा शोधणाऱ्या या बाईची स्वतःची जागा कुठली, हे मी एकदाच विचारलं. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात नवरा गेला, माहेरी भावाकडे आल्या, गागोद्याच्या बाजूला कुठेतरी. मग रोह्यात एका दवाखान्यात काम, मग आश्रम. मी विचारलं, "भावाकडे तुमची झोपायची जागा कुठं होती?" त्या हसल्या. "जिथं रात्री रिकामं असेल तिथं." थोड्या वेळाने आपणहून म्हणाल्या, "पन भाऊ, मला या आश्रमात नाय मरायचं. तेवढं ध्यानात ठेवा." मी म्हटलं, "मग कुठं जाणार?" त्या म्हणाल्या, "बघू." त्यांचं हे एकच "बघू" मला पोकळ वाटलं.

पुढे त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण चालणं वॉकरवर आलं. इतकी वर्षं ज्या दालनात त्या खाटांच्या कडेला टेकत होत्या, तिथंच खिडकीजवळची खाट त्यांना मिळाली. सेविका त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. ताईंना काय हवं नको ते मागायच्या आधी समोर. चहा बशीसकट. भावाचे मुलगे भेटून गेले. फळांची करंडी आणली, खुर्चीच्या टोकावर बसले, आत्याला या वयात इथं किती चांगलं आहे ते सगळ्यांना सांगून गेले.

मग विश्वस्तांनी त्यांचा सत्कार केला. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीतलं मानपत्र. अध्यक्षांनी भाषणात जाहीर केलं की द्वारकाताईंनी आयुष्यभर या संस्थेची सेवा केली, आता संस्था त्यांना आयुष्यभर सांभाळील, ही खाट कायमची त्यांची. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर एकजण हातोडी घेऊन आला आणि त्याने त्यांच्या उशाशी, डोक्याच्या वर, भिंतीला खिळा मारला. मानपत्र टांगलं.

मी समोर उभा होतो. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यांच्या पापण्या हलत होत्या.  त्या दिवसापासून जेवण पुढ्यात तसंच राहू लागलं. सेविका रडवेल्या होऊन मला सांगत, साहेब, ताईंना काय होतंय, आम्ही तर काही कमी केलं नाही.  रामजीकाका मला आठवत होते, पण माझ्याकडे द्वारकाताईंसारखी गावं नव्हती. आम्हा नवरा-बायकोचा रोह्यातला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. तरी मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नको भाऊ. वयनी खूप चांगलं करतील माझं." नको म्हणायचं कारण त्यांनी सांगून टाकलं होतं.

एका सकाळी भारती आली. धाकलीबाय गेल्याला तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. हातात सुक्या जवळ्याची पुडी. कुणीतरी पेणच्या बाजारात तिला ताईंचं सांगितलं होतं. खाटेशी उभी राहून तिने आधी मानपत्राकडे पाहिलं, मग द्वारकाताईंकडे.

"खिला कुनी मारला?"

खिळ्याचं ताईंनी तिला हंडे भरताना कधीतरी सांगितलेलं असणार. भारती खाटेच्या कडेला बसली. अर्धीच.

"ताय, तुमी सगल्यांना इचारता, जागेव काय ठेवलाय? मना नाय इचारलात. सासू गेली तवापास्ना तिथं मी कायपन नाय ठेवला. पिंप हाय तिथंच हाय, बाहेर. जागा तशीच हाय."

द्वारकाताई छताकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मी तुझी कोन लागते गो? नात्याची ना गोत्याची. दुसऱ्याचं म्हातारपन कशाला डोक्यावर घेतेस?"

"माज्या हंड्यानं पानी भरलाय तुमी. मान मोडंपर्यंत भरलाय. तुमची पाली झालेली हाय आमच्या गावात. गावकीला इचारून आलंय मी. पयली पाली त्याच घराची हाय, म्हातारा नाय आता, त्याचा पोरगा देल." मग तिचा आवाज एकदम चढला. "आन उगा नखरे नको करू आता. म्हातारी बाय तू, हाड मोडलाय तुजा, तरी बोलाची खुमखुमी जात नाय!"

दालनातल्या सेविका गारठल्या. ताईंना असं कुणी कधी बोललं नव्हतं. मी पाहिलं, द्वारकाताईंचा हात चादरीखालून बाहेर आला आणि गुडघा चोळू लागला.

"खुमखुमी तुलाच जास्त हाय," त्या म्हणाल्या. आणि मग त्या रडल्या. मोठ्याने, आवाज लपवायचा प्रयत्न न करता. माझ्याही डोळ्यांना धार लागली, त्याची मला लाज वाटली नाही.

विश्वस्तांनी पुष्कळ आढेवेढे घेतले. परक्या घरी, तीही खारेपाटात, जिथं पाण्याची मारामार. उद्या काही झालं तर लोक संस्थेला नावं ठेवतील. मी आयुष्यात वरिष्ठांशी फारसा वाद घातलेला माणूस नाही, पण त्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगितलं की ताईंनी जायचं ठरवलंय आणि गाडी मी बोलावलीय. निघायच्या दिवशी द्वारकाताईंनी मला हाक मारली. "भाऊ, तो खिळा काढा आधी." मी मानपत्र उतरवलं, पक्कड आणून खिळा उपटला. भोक राहिलं भिंतीत. त्या म्हणाल्या, "चुना भरा त्याच्यात," आणि मगच वॉकरला हात घातला.

दुसऱ्या वर्षी आश्विनात त्या भारतीच्या घरीच वारल्या. मला कळायला उशीर झाला, मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. भारतीने सांगितलं, उधाणाला बांधावर जमतं तसं सगळं गाव जमलं होतं. म्हणून माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्याच्या आधीचं आहे.

शिमगा होऊन गेला होता. पेणला काही काम निघालं, तिथून केळी घेतली आणि खारेपाटाची एसटी धरली. थांब्यावर उतरून बांधावरून चालत गेलो. भरती चढत होती. भारतीचं घर दिसू लागलं आणि त्याआधी आवाज ऐकू आला.

"कितींदा सांगला, उष्टा तांब्या पिंपान बुडवू नको म्हनून!"

"उष्टा नाय गो. धुतलाय."

"कशान धुतलास? पिंपातल्याच पान्यान ना? मी काय विहीर बांदलीय दारान?"

"मग काय तुझ्या तोंडाच्या वाफेनं धुऊ?"

"आज भाकरी नाय मिलाची तुना!"

"नको देऊ. आज शेजारची पाळी हाय, पानी घेऊन येतील तेव्हा त्यांच्याकडं मागेन. सांगेन, ही मला उपाशी ठेवते."

मी कुंपणापाशी थांबलो. पागोळीखाली निळ्या पिंपाशेजारी द्वारकाताई पाटावर बसल्या होत्या, वॉकर भिंतीला टेकवलेला, मांडीवर वालाच्या शेंगांचं सूप, हातात तो तांब्या. पदर कमरेला खोचलेला. भारती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मी पुढे गेलो असतो तर दोघी गप्प झाल्या असत्या, खुर्ची आली असती, चहा झाला असता.

केळ्यांची पिशवी मी शेजारच्या ओटीवर एका बाईकडे दिली, ताईंना द्या म्हणून सांगितलं आणि आल्या वाटेने परत निघालो. बांधाच्या वळणापर्यंत दोघींचा आवाज येत होता.